एक लांब बीप, दोन छोटे

मी टूलरूमचा माणूस. अंबरनाथच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं लेथवर आणि ग्राइंडरवर काढली. मशीन बंद पडलं की फोरमन आधी मला हाक मारायचा, आणि मी गेल्या गेल्या एकच विचारायचो, "शेवटचा हात कोणाचा?" मशीन आपलं आपण बिघडत नाही, कोणीतरी बिघडवतं, हे माझं ठाम मत. हाताखालची माणसं मला टरकून असायची. मला त्याचा अभिमान होता, उगाच खोटं कशाला बोलू.

स्वभाव तापट. बदलापूरला कात्रपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणालाही विचारा, माझा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू जायचा. बायको म्हणायची, "अहो, हळू बोला, लोकांना वाटेल भांडण चाललंय." भांडण नसायचं. मी फक्त चहा मागत असायचो.

आम्हाला एकच मुलगी. ती माझ्यावर गेली नव्हती, हे तिचं नशीब. शांत, हसरी, आणि हाताने काहीतरी करत बसलेली. लहानपणी चित्रं काढायची, कॉलेज झाल्यावर तिने कल्याणला थ्री-डी ॲनिमेशनचा क्लास लावला. मला ते काही झेपत नव्हतं. मी विचारायचो, "कार्टून काढून कोणाचं पोट भरतं गं?" ती म्हणायची, "बाबा, भरतं. तुम्ही बघाच." घरात कॉम्प्युटर आला तो तिच्यामुळेच. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हा आमच्या मजल्यावर तो एकच होता. हॉलच्या कोपऱ्यात, शोकेसच्या बाजूला, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला.

त्या वर्षी गणपती झाल्यावर तिला अंधेरीच्या एका स्टुडिओतून फोन आला. क्लासच्या सरांनी तिचं नाव सुचवलं होतं. तुझं स्वतःचं काम सीडीवर घेऊन ये, एक मिनिटाची फिल्म असली तरी चालेल, पण पूर्ण झालेली पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी शेवटची मुदत. आवडलं तर लगेच नोकरी. फोन ठेवून ती दोन मिनिटं नुसती उभी राहिली आणि मग तिने आईला उचलूनच घेतलं. आई ओरडतेय, ही हसतेय. मीसुद्धा हसलो होतो तेव्हा.

महिनाभर ती त्या कॉम्प्युटरला चिकटून होती. काय बनवतेस, असं मी एकदाही विचारलं नाही. मागून जाताना दिसायचं काहीतरी, करड्या रंगाचे ठोकळे, तारांच्या जाळीचा माणूस. फिल्म जवळजवळ झाली, पण शेवटच्या भागाला मशीन धापा टाकायला लागलं. ती म्हणाली, जुनं ग्राफिक कार्ड पुरत नाही, मोठं घालावं लागेल. मग शिकवण्यांच्या पैशातून तिने उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या एका दुकानातून नवीन कार्ड आणलं. जुनं तिथेच बदल्यात दिलं. आता आपल्या मशीनला हे नवीन कार्ड सोडून दुसरा डोळाच नव्हता. हे लक्षात ठेवा.

कार्ड घरी आलं दसऱ्याच्या आदल्या दिवशी. ती लगेच बसवायला निघाली होती. मी म्हटलं, "थांब. उद्या पूजा होऊ दे, मग बसव."

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा म्हणजे मोठं काम. कारखान्यात आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सगळी मशीनं धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालायचे, नारळ फुटायचा, आणि त्याआधी कोणी बटणाला हात लावत नसे. घरी दसऱ्याला मापं घ्यायचं माझं व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने, स्क्रू-ड्रायव्हर, सगळं पाटावर मांडलं जाई. पोरगी चार वर्षांची होती तेव्हापासून माझ्या मांडीला मांडी लावून पूजेला बसायची. तिची पाटी, मग कंपासपेटी, मग रंगांची पेटी, माझ्या मायक्रोमीटरच्या बाजूला असायची. मी हात जोडले की ती माझ्याकडे बघून तसेच जोडायची. एकदा डोळे किलकिले करून मी बघतोय का, हे बघत होती. मी बघत होतो.

तर त्या दसऱ्याला सकाळी तिने कॅबिनेटची एक बाजू उघडून ते आडवं केलं आणि पाटाजवळ ठेवलं. नवीन कार्ड पिशवीतून काढून वर ठेवलं. बायको स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होती. दरवर्षी अक्षता तीच करायची. ताटलीत तांदूळ घेऊन एकेक दाणा निवडायची, मोडका एक ठेवायची नाही. अक्षता म्हणजे अख्खे तांदूळ, कणी चालत नाही. त्या दिवशी तिला उशीर होतोय बघून माझं डोकं सणकलं. मी स्वतः उठलो, डब्यातून रेशनच्या तांदळाची मूठ उचलली, कुंकवात पाणी घालून कालवली, झाल्या अक्षता.

पोरगी म्हणाली, "बाबा, आत नका टाकू हं. वरून, पत्र्यावर टाका."

"मशीनच्या पोटात काम आहे, आणि पूजा पत्र्याची करू?" असं म्हणून मी टाकल्या. चांगल्या मूठभर. आतमध्ये.

ती नंतर ब्रश घेऊन एकेक दाणा उचलत बसली. मी म्हटलं, "बरोबर आहे, उचल." मग तिने कार्ड खाचेत धरलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, स्क्रू लावला, वायर जोडली. बायको हात पुसत आली. मी नारळ फोडला. पोरीने बटण दाबलं.

पंखे फिरले. आणि आवाज आला. एक लांब बीप, दोन छोटे. पडदा काळा.

तिने बंद करून परत चालू केलं. तेच. एक लांब, दोन छोटे. तिचा चेहरा उतरला, पण घाबरली नाही, म्हणाली, "म्हणजे त्याला कार्ड सापडत नाहीये. नीट बसलं नसेल." काढलं, परत बसवलं. तेच. मेमरीची पट्टी काढून तिने त्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने घासले, हे तेव्हा सगळेच करायचे. तेच. आतला चपटा सेल काढून दहा मिनिटांनी परत घातला. तेच. वायरी बदलून बघितल्या. बीप, बीप-बीप. पुऱ्या गार झाल्या, श्रीखंडाला पाणी सुटलं. शेजारचे सोनं द्यायला आले, त्यांच्यासमोरही ते मशीन बोंबलत होतं.

मग माझ्यातला टूलरूमवाला जागा झाला. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंख्याच्या बॉडीला टेकवून मूठ कानाला लावली, बेअरिंग ऐकल्यासारखं. च्यायला, त्यातून काय कळणार होतं मला! पण ऐकत होतो.

"बाबा, टॉर्च द्या ना," ती म्हणाली. "खाचेत बघते."

"खाचेत काय असणार? उंदीर? तीन वेळा कार्ड बसवलंस काढलंस, काही असतं तर दिसलं नसतं?"

तरी तिने टॉर्च मारून बघितलं. ती खाच चॉकलेटी रंगाची, खोल आणि अंधारी. तिला काही दिसलं नाही. मलाही दाखवलं. मलाही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. कॅबिनेट गोधडीत गुंडाळून आम्ही रिक्षाने उल्हासनगरला त्या दुकानात नेलं. मालक सिंधी, पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. माणूस चांगला होता, आजही म्हणेन. दिवाळी तोंडावर, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. त्याने आमचं कार्ड काढून आपल्या मशीनला लावलं. लख्ख चित्र आलं. मग आपल्याकडचं दुसरं कार्ड आमच्या मशीनला लावलं. एक लांब, दोन छोटे.

"अंकल, कार्ड एकदम ओके है," तो म्हणाला. "आपका बोर्ड उड़ गया. हाथ का करंट लगा होगा. होता है ऐसा, नायलॉन का कपड़ा पहन के बैठते हैं ना. डाला किसने था?"

शेवटचा हात कोणाचा. माझाच प्रश्न, त्याच्या तोंडून.

"हिने," मी म्हटलं. आणि मग जे सुटलो ते सुटलोच. भर दुकानात. तुला शंभरदा सांगितलं, मशीनला हात लावताना डोकं ठिकाणावर ठेवावं. नायलॉनची ओढणी घालून बसलीस, एवढी अक्कल नाही? एक कार्ड बसवता येत नाही आणि निघाल्यात स्टुडिओत. दुकानातले लोक बघत होते. ती खाली मान घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि परत सोडत होती.

त्या मालकालाच कसंतरी झालं असावं. तो म्हणाला, "अंकल, छोड़ो ना. बेटी, तेरा काम तो हार्ड डिस्क में है ना? निकाल, मेरी मशीन पे लगा देता हूँ. इधर ही बैठ के पूरा कर ले. कल संडे को भी आ जा, सीज़न है, दुकान खुली है."

पोरीने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, तरी चेहरा एकदम उजळला. "बाबा, फक्त दोन दिवस. शेवटचंच राहिलंय."

तिथे खुर्च्यांवर चार-पाच तरणी पोरं बसली होती, हे माझ्या डोक्यात होतं, नाही म्हणत नाही. पण खरं कारण ते नव्हतं. मला राग आला होता, आणि राग आलेला असताना मी कोणाचं काही होऊ द्यायचो नाही. बस, एवढंच. "काही नको," मी म्हटलं. "चल घरी. एकदा सांगितलं ना!"

ती उठली. कॅबिनेट तिने स्वतः उचललं. रिक्षात गोधडीवर हात ठेवून बसली होती. अंबरनाथ गेलं, बदलापूर आलं, हात तिथेच.

सोमवारी तिने स्टुडिओला फोन केला. मी कामावर होतो, बायकोने सांगितलं. ते म्हणाले, पूर्ण काम असेल तर आजच आणा, नाहीतर आम्ही दुसऱ्यांना घेतोय. ती "थँक यू सर" म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवशी तिने भांडी घासली, कपाट आवरलं, शिकवणीच्या मुलांचे पेपर तपासले.

शुक्रवारी मी जरा निवळलो. म्हटलं, "दिवाळीनंतर नवीन बोर्ड आणू." ती म्हणाली, "नको बाबा, राहू दे आता." मला वाटलं, रुसली असेल. मग दोन वर्षांत सांगलीचं स्थळ आलं. माणसं चांगली, टाइल्सचं आणि नळांच्या सामानाचं दुकान. तिने हो म्हटलं. आता ती त्याच दुकानाच्या गल्ल्यावर बसते, गिऱ्हाइकाला टाइल्सच्या रंगांची जुळणी करून देते. जावई म्हणतो, हिच्याएवढी नजर कोणाची नाही. एक नात आहे आम्हाला.

आणि मी काय केलं असेल? मी त्या गोष्टीचा किस्सा केला. "आमच्या बाईसाहेबांनी दसऱ्याच्या दिवशी अख्खा कॉम्प्युटर जाळला," असं मी पाहुण्यांना सांगायचो. साखरपुड्यात व्याह्यांना सांगितला. लग्नाच्या पंगतीत सांगितला. लोक हसायचे. तीही हसायची. म्हणायची, "हो ना, माझ्या हातात करंटच आहे." बायको तेवढी कधी हसली नाही, उठून आत जायची. मला वाटायचं, हिला विनोद कळत नाही.

परवाच्या दसऱ्याआधी, घर आवरताना, मी ते कॅबिनेट भंगारात द्यायला काढलं. मी रिटायर झालो होतो, हाताला काम नव्हतं. भंगारवाला खाली ओरडत होता. मी दारापर्यंत पोचलो तर बायको आडवी आली.

"ते द्यायचं नाही."

"मेलेलं मशीन ठेवून काय करतेस? बोर्ड जळलाय त्याचा."

"बोर्ड जळलेला नाही," ती म्हणाली.

मी हसलो. म्हटलं, तुला काय कळतं. ती आत गेली आणि लोखंडी कपाटातून त्या कार्डाचा खोका घेऊन आली. आत कार्ड होतं, त्याच्या पिशवीत. आणि एक वहीच्या कागदाची पुडी. ती तिने माझ्या हातावर उघडली.

पुडीत तांदळाची कणी होती. अर्धा दाणा असेल. काळपट लाल, कुंकवाची, चेपून चपटी झालेली.

बायको उभ्या उभ्या बोलत होती. त्या दसऱ्यानंतरच्या गुरुवारी मी डबल शिफ्टला गेलो होतो. पोरीने कॅबिनेट खिडकीत उन्हात नेलं आणि साडीला लावायच्या पिनेने ती खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरत गेली. चॉकलेटी खाच, कुंकवाने माखलेली कणी, टॉर्चने दिसणारच नव्हती. पिनेला लागली. निघाली. कार्ड बसवलं आणि बटण दाबलं, तर एकच छोटा बीप आणि चित्र आलं. तिने आईला हाक मारली. फिल्मचं शेवटचं राहिलेलं तिने रात्रीपर्यंत बसून पूर्ण केलं आणि आईला दाखवलं. मग फिल्मसकट सगळं पुसून मशीन कोरं केलं, कार्ड काढून खोक्यात ठेवलं आणि मी घरी यायच्या आत रुमाल परत झाकला.

"मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला, सवयीने. "दोघी माझ्या घरात राहून माझ्यापासून—"

"तिने शपथ घातली मला," बायको म्हणाली. "म्हणाली, आई, मुदत तर गेलीच. आता बाबांना कळलं, त्यांच्या अक्षतांनी झालं, तर पुढच्या दसऱ्याला ते हात जोडणार नाहीत."

खाली भंगारवाला दोनदा ओरडला आणि निघून गेला. मी तिथेच दाराजवळ, चपलांच्या बाजूला बसलो. काय काय आठवत गेलं, काय सांगू. साखरपुड्यात हसणारी ती. पंगतीत हसणारी ती. कपाटात पुरावा ठेवून पोरगी माझ्या विनोदाला दाद देत होती.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "काय होतं गं त्या फिल्ममध्ये?"

"तुम्ही होता," बायको म्हणाली. "एक माणूस कामावरून येतो. दारात चपला काढतो, साबणाने हातांचं ऑइल धुतो, जात नाही, परत धुतो. मग पाटावर बसून हात जोडतो. बाजूला एक छोटी मुलगी असते, ती त्याच्याकडे बघून हात जोडते. एवढंच."

कणीचं मी समजू शकतो. कणी चुकून पडली. पण त्या सिंध्याने खुर्ची पुढे केली होती. दोन दिवस, एक खुर्ची, एवढंच पाहिजे होतं तिला, आणि ते द्यायला मी नाही म्हटलं. त्याला कणी जबाबदार नाही. शेवटचा हात माझा होता.

दसऱ्याच्या सकाळी मी तिला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, सगळं विसरलो. म्हटलं, "बाळा, बोर्ड तू जाळला नव्हतास."

तिच्या मागे दुकानात कोणीतरी नळाचा भाव विचारत होतं.

"आईने सांगितलं?"

"हो."

"सांगायला नको होतं तिने," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मी चुकलो गं. दुकानात तुला... मी फार चुकलो." आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द माझ्या तोंडातून आले आणि तेही धड आले नाहीत. ती रडली नाही. तिने गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगितलं.

"बाबा, पूजा केलीत का?"

"नाही. मी नाही करणार आता."

"करा," ती म्हणाली. "आत्ता करा. नाहीतर मी इतकी वर्षं उगाच गप्प बसले." आणि मग म्हणाली, "ठेवते हं, लोक उभे आहेत."

मी पाट मांडला. व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने मांडले. ते कॅबिनेट आणून बाजूला ठेवलं, झाकण लावलेलं. बायको ताटली घेऊन बसत होती, मी तिच्या हातातून घेतली. म्हटलं, आज मी निवडतो. अख्खे दाणे एका बाजूला, कण्या दुसऱ्या बाजूला. थोडे निवडून झाले आणि मग मला अख्खा कुठला आणि मोडका कुठला, काही दिसेना. बायकोने ताटली माझ्या हातातून घेतली आणि राहिलेले तिने निवडले.